उंबरठ्याची मोजणी : अतिसंवाहक फिल्मसोबत काम करताना

मॅग्नेशियम डायबोराइडची पातळ फिल्म ४ केल्विनपर्यंत गार करायची, तिच्या पृष्ठभागाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि ते सावकाश वाढवत न्यायचं. सुरुवातीला फ्लक्स कडांकडून आत सरकतो, अगदी सांगितल्यासारखा. मग काही मिलिटेस्लाला, पापणी लवायच्या आत, कडेपासून पार मध्यापर्यंत फांद्याफांद्यांचं एक झाड उमटलेलं असतं. आणखी थोडं क्षेत्र वाढवलं की दुसऱ्या कडेला दुसरं. दोन झाडांच्या फांद्या एकमेकींच्या अंगावर कधी जात नाहीत, जवळ आल्या की बाजूला वळतात.

दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकात चुंबकीय फ्लक्स सुट्ट्या भोवऱ्यांच्या रूपात शिरतो, हे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये मांडलं. प्रत्येक भोवरा फ्लक्सचा ठरावीक एक क्वांटम वाहतो. पाच मिलिमीटर बाजूच्या चौकोनी फिल्ममध्ये एक मिलिटेस्लाचं क्षेत्र पूर्ण शिरलं, तर हे भोवरे सुमारे एक कोटी वीस लाख भरतात. झाड उमटतं तेव्हा त्यातले लाखो एकदम धावतात, त्याला आम्ही लोंढा म्हणतो. मी हे पहिल्यांदा ओस्लोत पाहिलं. आता इथे विद्यार्थ्यांबरोबर हेच काम चालतं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी तोंडी सांगाव्या लागतात, कारण पेपरमध्ये त्यांना जागा मिळत नाही. त्या इथे लिहिते आहे.

१. झाडाचा आकार सोडा, उंबरठा धरा

नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात तो फोटो जमवतो. साहजिक आहे, चित्रं देखणी असतात. मग तो फिल्म तापवतो, पुन्हा गार करतो, क्षेत्र पुन्हा त्याच वेगानं वाढवतो आणि गोंधळून येतो. "मॅडम, सॅम्पल तेच, तापमान तेच, फील्डही तेच. मग झाड वेगळं का आलं?"

त्याच्या हातून काही चुकलेलं नसतं. अस्थिरतेचा स्वभावच तो आहे. व्यवस्था कड्यावर उभी असताना कुठला भोवरा आधी निसटेल, हे इतक्या बारीक चढउतारांवर ठरतं की त्यांची नोंद कुठलंही उपकरण घेऊ शकत नाही. कडेला एखादी खाच असेल तर झाडाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं, फांद्या मात्र दर वेळी नव्या असतात. म्हणून एकाच झाडाच्या फांद्या मोजून त्यातून पदार्थाचा गुणधर्म काढायला बसू नये.

पुन्हापुन्हा जसंच्या तसं येतं ते वेगळंच काहीतरी असतं. पहिला लोंढा किती क्षेत्राला सुटला, कोणत्या तापमानाच्या वर एकही सुटला नाही, झाडाची एकूण ठेवण कशी होती. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये ४ केल्विनच्या आसपास बारीक, लांबट, कमी फांद्यांची बोटं उमटतात. १० केल्विनच्या जवळ जावं तसं एकच भलंमोठं, दाट फांद्यांचं झाड येतं आणि त्याच्या वर काहीच येत नाही. ओस्लोतल्या टॉम हेनिंग योहान्सन यांच्या गटानं सहकाऱ्यांसह २००६ मध्ये नेमका हा उंबरठा सिद्धांतातून काढला आणि मॅग्नेशियम डायबोराइड व निओबियमच्या पट्ट्यांवरच्या मोजमापांशी ताडून पाहिला. तो पेपर मी प्रत्येकाला वाचायला लावते. एकेक लोंढा बेभरवशाचा असला तरी लोंढे कुठे सुरू होतात याला नियम आहे, हे त्यातून मनात पक्कं बसतं.

यातलं पथ्य एकच. प्रत्येक फेरीआधी फिल्म क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे जिथे अतिसंवाहकता संपते त्याच्या, वर न्यायची. निओबियमसाठी ते ९.२ केल्विन आहे, मॅग्नेशियम डायबोराइडसाठी ३९ च्या आसपास. नुसतं क्षेत्र शून्यावर आणून भागत नाही, मागच्या झाडाचा फ्लक्स तिथेच अडकून राहिलेला असतो. आणि पहिल्या लोंढ्याचं क्षेत्र एकदा मोजून थांबायचं नाही. त्या आकड्याचा पसारा किती आहे हे कळेपर्यंत मोजत राहायचं.

२. जास्त थंड म्हणजे जास्त शांत, असं धरून चालू नका

अतिसंवाहकाला त्रास झाला की आणखी गार करा, हा सल्ला बहुतेक ठिकाणी बरोबर असतो. इथे तो उलटा पडतो, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त गोडी वाटते ती याच ठिकाणी.

भोवरे पदार्थातल्या दोषांना अडकून बसतात. एखादा सुटून सरकला की थोडी उष्णता निर्माण होते. तेवढी जागा तापते, तिथली पकड सैल पडते, क्रांतिक प्रवाह, म्हणजे रोधाशिवाय वाहू शकणारा सर्वात मोठा प्रवाह, घटतो. शेजारचे भोवरे सुटतात, आणखी उष्णता होते. एकीकडे हे चक्र, दुसरीकडे तीच उष्णता खालच्या सबस्ट्रेटमध्ये झिरपून जात असते. पहिलं जोरात चाललं तर लोंढा, दुसरं जोरात चाललं तर शांतता. सगळा प्रश्न या शर्यतीचा आहे.

आता तापमान खाली नेल्यावर शर्यतीचं काय होतं ते पाहा. विशिष्ट उष्णता सुमारे तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. १० केल्विनच्या तुलनेत ४ केल्विनला ती जवळजवळ पंधरा पटींनी कमी. रिकामी कढई चुलीवर ठेवली की क्षणात तापते, तशी ही गार फिल्म इवल्याशा उष्णतेनं भडकते. फिल्म आणि सबस्ट्रेट यांच्यामधून उष्णता पार होण्याची क्षमताही जवळपास त्याच प्रमाणात घटते, म्हणजे सुटकेची वाट अरुंद होते. त्यातच कमी तापमानाला क्रांतिक प्रवाह सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे हलणारा प्रत्येक भोवरा जास्त उष्णता सोडतो. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात.

परिणाम असा की जी फिल्म ४ केल्विनला झाडांनी भरून जाते, तिच्यातच १२ केल्विनला फ्लक्स गुळगुळीत, एकसंध आघाडीनं आत शिरतो. कागदावर ही फिल्म ४ केल्विनला जास्त ताकदीची, कारण तिचा क्रांतिक प्रवाह मोठा. प्रत्यक्षात मॅग्नेटोमीटरवरच्या चुंबकनाच्या लूपला करवतीसारखे दाते पडतात आणि फिल्म वाहून नेते तो प्रवाह कागदावरच्या आकड्याच्या खाली येतो.

म्हणून मी मोजमाप वरून खाली नेते. आधी जिथे लोंढे नाहीत अशा तापमानाला नीट चित्र घ्यायचं, मग एकेक पायरी उतरायची. थेट हिलियमच्या तापमानाला सुरुवात केली तर स्थिर फिल्म कशी दिसते हेच आपण पाहिलेलं नसतं, आणि मग झाडांच्या गर्दीत तुलनेला काही उरत नाही.

३. पातळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका

जाड अतिसंवाहकातल्या फ्लक्सच्या उड्या १९६० च्या दशकात चुंबक बनवणाऱ्यांना चांगल्याच माहीत होत्या. उपायही सापडला : तार बारीक तंतूंची करा आणि ते तंतू तांब्यात बसवा. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या चुंबकांत निओबियम-टायटॅनियमचे जे तंतू आहेत, त्यांचा व्यास ६ ते ७ मायक्रोमीटर आहे. तंतू एवढा बारीक असला की अस्थिरतेला वाढायला जागाच मिळत नाही.

मग काही शे नॅनोमीटर जाडीची फिल्म तर त्याहूनही बारीक. ती का भडकते?

कारण जाडी पातळ असली तरी रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि क्षेत्र तिला काटकोनात लावलेलं असतं. फिल्म क्षेत्राला आत येऊ देत नाही, ते कडांना वळसा घालून जातं आणि कडेशी दाटतं. लावलेलं क्षेत्र काही मिलिटेस्ला असलं तरी कडेला त्याच्या कितीतरी पट असतं. शिवाय फिल्ममधल्या एका ठिकाणच्या प्रवाहाचं क्षेत्र वरच्या-खालच्या मोकळ्या जागेतून फिल्मभर पोहोचतं. एका कोपऱ्यात घडलेलं लगेच सगळीकडे जाणवतं. जाड नमुन्यासाठी केलेली गणितं इथे लागू पडत नाहीत ती यामुळे.

व्यवहारात याचा अर्थ असा की जाडीइतकंच रुंदीकडे लक्ष द्यावं. त्याच फिल्मची अरुंद पट्टी कापली तर उंबरठा वर सरकतो, आणि पुरेशी अरुंद केली तर लोंढे थांबतात. कापताना कड जपायला हवी. ओबडधोबड कड म्हणजे पहिल्या झाडाला आयतं दिलेलं बी.

४. चित्रातली कुठली रेघ कोणाची, हे आधी शिका

आम्ही फ्लक्स पाहतो तो मॅग्नेटो-ऑप्टिकल पद्धतीनं. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचं ध्रुवण फिरतं, हा फॅरेडे यांनी १८४५ मध्ये शोधलेला परिणाम. फिल्मवर बिस्मथ मिसळलेल्या फेराइट गार्नेटचा तुकडा ठेवायचा, त्याच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमचा आरसा. वरून ध्रुवित प्रकाश टाकायचा, परत आलेला प्रकाश आडव्या ॲनालायझरमधून पाहायचा. जिथे क्षेत्र आहे तिथे उजेड, जिथे नाही तिथे काळोख. असे गार्नेट इंडिकेटर १९९० च्या सुमारास रशियातल्या चेर्नोगोलोव्हका इथल्या प्रयोगशाळेतून पुढे आले आणि या क्षेत्राचा चेहराच बदलला. त्याआधी लोकांकडे आकडे होते, आता डोळ्यांना दिसू लागलं.

बसवणी हातानं होते आणि तिथे घाई चालत नाही. गार्नेटचा तुकडा पिवळट हिरवा, पारदर्शक, नखाएवढा. मऊ टोकाच्या चिमट्यानं एका कोपऱ्यात धरायचा, आरशाची बाजू खाली आहे ना हे तिरप्या उजेडात पाहून घ्यायचं आणि फिल्मवर अलगद टेकवायचा. मध्ये धुळीचा एक कण राहिला तरी गार्नेट तिरका बसतो. मग एका बाजूची झाडं रेखीव दिसतात आणि दुसऱ्या बाजूची फुगलेली, धूसर. अंतर जसं वाढतं तसं चित्र पसरतं, आणि शिकाऊ माणूस त्या पसरटपणाला रुंद फांद्या म्हणून मोजून मोकळा होतो.

बसवल्यानंतर ॲनालायझर फिरवत जायचा. चित्र आधी हिरवट उजळ असतं, मग मळकट होतं, मग फिल्मचा मधला भाग काळा पडतो आणि कडा तेवढ्या उजळ उरतात. तिथे हात थांबवायचा. त्या काळ्या पडद्यावर मधूनमधून करवतीच्या दात्यांसारख्या नागमोडी रेघा दिसतात. त्या फिल्मच्या नव्हेत, गार्नेटमधल्या चुंबकीय डोमेनच्या भिंती आहेत. क्षेत्र बदललं की त्या सरकतात, म्हणून नवख्या डोळ्यांना त्या फ्लक्सच्याच हालचाली वाटतात. माझा नियम असा की फिल्म क्रांतिक तापमानाच्या वर असताना क्षेत्र वरखाली करून ही रेघारेघांची चाल आधी डोळ्यांत भरून घ्यावी. तेव्हा अतिसंवाहकता नसते, म्हणजे जे दिसतं ते सगळं गार्नेटचं.

५. कॅमेरा नेहमी उशिरा पोहोचतो

झाड वाढताना आम्हाला दिसत नाही. साध्या कॅमेऱ्याच्या एका चौकटीत ते नसतं, पुढच्या चौकटीत पूर्ण वाढलेलं असतं. जर्मनीत कोन्स्टान्झच्या विद्यापीठात पाउल लाइडरर यांच्या गटानं १९९३ मध्ये इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडच्या फिल्मवर हे झाड लेझरच्या स्पंदानं मुद्दाम पेटवलं. पुढे त्याच गटानं एका स्पंदानं लोंढा सोडून क्षणाच्या अगदी लहान अंशानंतर दुसऱ्या स्पंदाच्या उजेडात त्याचं चित्र टिपलं. दोन स्पंदांमधलं अंतर बदललं की वाढीचे टप्पे हाती येतात. फांद्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला शंभर किलोमीटरहून जास्त निघाला. घन पदार्थात ध्वनी सेकंदाला साधारण काही किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या उष्णतेच्या पसरण्यानं इतका वेग गाठता येत नाही. टोकाशी पदार्थ इतका तापतो की तेवढ्यापुरती अतिसंवाहकता नाहीशी होते, आणि त्या जागेतून विद्युत्चुंबकीय बदल धावतो. ओस्लोच्या गटानं २०१२ मध्ये संगणकावर हे सगळं उभं केलं. त्या लेखाच्या शीर्षकातच अतिसंवाहकातली आकाशातली वीज होती, आणि ते शीर्षक मला यथार्थ वाटतं.

ज्याच्याकडे असा लेझर नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक, त्यानं क्षेत्राची पायरी लहान ठेवावी आणि प्रत्येक चित्रातून आधीचं चित्र वजा करावं. वजाबाकीत फक्त नवं झाड उरतं. कोणतं आधी आलं, कोणतं नंतर, कोणत्या फांदीनं कोणाला वळसा घातला, हे त्यातूनच वाचता येतं.

६. प्रत्येक उडी या जातीची नसते

भोवऱ्यांच्या छोट्या उड्या उष्णतेशिवायही होतात. वाळूच्या ढिगावर एकेक कण टाकत राहावं तशा. त्यांचे आकार लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या मापांचे असतात. १९९५ मध्ये निओबियम-टायटॅनियमवर ते मोजलेही गेले. झाडांचे लोंढे वेगळे, ते उष्णतेवर चालतात आणि त्यांना ठळक उंबरठा असतो. लूपवर दाता दिसला म्हणून लगेच झाड म्हणू नये. चित्र पाहावं, तापमान बदलून पाहावं.

७. जुनं वाचा, तारखा बघून वाचा

डायबोराइडची अतिसंवाहकता २००१ मध्ये जपानमध्ये जुन अकिमित्सु यांच्या गटाला सापडली आणि वर्षभरात त्याच्या फिल्मवरच्या झाडांचे फोटो सगळीकडे झळकले. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की ही त्या पदार्थाची खोड आहे. तसं नाही. वर्टहायमर आणि गिलख्रिस्ट यांनी १९६७ मध्येच अतिसंवाहक चकत्यांतल्या फांद्यांसारख्या उड्या पाहिल्या होत्या. निओबियमच्या फिल्मवर १९९५ मध्ये झाडं दिसली. पुढे शिसं, निओबियम नायट्राइड, निओबियम-टिन अशी यादी वाढत गेली. एवढ्या वेगवेगळ्या पदार्थांत एकच चित्र येतं, तेव्हा कारण एखाद्या पदार्थाच्या रसायनात शोधून उपयोग नाही. उष्णता आणि फ्लक्स यांच्या शर्यतीत ते आहे. मुंबईत टीआयएफआरमध्ये निओबियम नायट्राइडच्या फिल्म वर्षानुवर्षं बनतात आणि कानपूरच्या आयआयटीत मॅग्नेटो-ऑप्टिकल इमेजिंग चालतं. इथल्या विद्यार्थ्याला हा विषय परदेशातच जाऊन शिकावा लागतो, ही समजूत काढून टाकावी.

८. तांब्याचा तुकडा हाताशी ठेवा

फिल्मवर धातूचा थर दिला की लोंढे दबतात. सोनं, ॲल्युमिनियम, तांबं, कोणतंही चांगलं वाहक. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की धातू उष्णता शोषून घेतो. मग ॲल्युमिनियमचं पातळ पान नुसतं फिल्मवर ठेवूनही तोच परिणाम मिळाला. ब्राझीलमधल्या साओ कार्लोस इथल्या गटानं ओस्लोबरोबर २०१० मध्ये तांबं फिल्मला न टेकवता, मध्ये फट ठेवून प्रयोग केला. उष्णता जायला वाटच नव्हती, तरी लोंढे दबले. फ्लक्स वेगानं धावतो तेव्हा तांब्यात भोवरी प्रवाह उठतात आणि ते त्याला ब्रेक लावतात. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण दोन शक्यतांमधला निवाडा एका फटीनं केला.

त्यापुढची गोष्ट आणखी चकित करते. फिल्मच्या काही भागावरच तांब्याची पट्टी असेल, तर पट्टीच्या सीमेवर लोंढ्याची फांदी वळते. प्रकाशाचा किरण हवेतून काचेत जाताना वळतो त्याच नियमानं, आणि कधी सीमेवरून परावर्तितही होते. ओस्लो आणि फिनलंडमधल्या यिव्हास्किलाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे निओबियम नायट्राइडवर दाखवलं. ज्या झाडाचा आकार आधी कुणालाच सांगता येत नव्हता, त्याच्या फांद्यांना निदान दिशा देता येते.

एकेका फोटॉनची नोंद घेणारे डिटेक्टर, क्यूबिटचे रेझोनेटर, स्क्विडसारखे संवेदक अशी उपकरणं पातळ अतिसंवाहक फिल्मचीच असतात. त्यांच्या आजूबाजूच्या रुंद जोडपट्ट्यांत एक झाड उमटलं की अडकलेला फ्लक्स उपकरणाच्या अंगाशी येऊन बसतो आणि त्याचं काम बिघडवतो. आराखडा काढणारा अभियंता जोडपट्टीची रुंदी ठरवताना विजेच्या रोधाचा विचार करतो, उंबरठ्याचा क्वचितच. त्याच्याशी बोलताना मी चित्रं आधी दाखवत नाही. रुंदी विरुद्ध उंबरठ्याचा आलेख समोर ठेवते आणि विचारते की तुमच्या यंत्रात भटकं क्षेत्र किती आहे. पृथ्वीचंच क्षेत्र ०.०५ मिलिटेस्लाच्या आसपास असतं, जवळच्या पंपाचं आणि स्क्रूचं त्यात मिसळतं. तो आकडा मिळाला की पट्टीला चिरा पाडायच्या की तांबं चढवायचं, हे तिथेच ठरवता येतं. सध्या आमच्याकडे दोघी विद्यार्थिनी तांब्याच्या थराची जाडी बदलून हाच उंबरठा मोजताहेत. पातळ थरांचे निकाल हाती आले आहेत, जाड थरांचं काम अजून चालू आहे.